फुटलो, पण गप्प नाही बसलो

मी लॅपटॉप बोलतोय. हे वाक्य शब्दशः घ्या. माझे जातभाई हिशेब करतात, चित्रं दाखवतात, पत्रं पाठवतात. मी बोलतो. त्यासाठीच मला घरात आणलं. आज मला पडदा नाही, बॅटरी नाही, एका कोपऱ्याला चिकटपट्टी आहे आणि घरातल्या एका माणसाच्या मते मी भंगार आहे. तरी बोलतोय. ऐकायचं नसेल तर कानात बोटं घाला. माझा आवाज त्यातूनही पोचतो.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. एका लांबलचक टेबलावर आम्ही रांगेनं पडलेले होतो, सगळे एकासारखे एक. हातमोजे घातलेल्या बायकांनी आमच्या पोटात एकेक भाग बसवला, स्क्रू आवळले, एकदा उघडून मिटून पाहिलं आणि खोक्यात घातलं. त्यानंतर बराच काळ अंधार. खोकं उघडलं तेव्हा समोर एक चष्मेवाला होता. चष्मेवाला म्हणजे चष्म्यांचं दुकान चालवणारा, लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा. त्यानं मला आपल्या बायकोसमोर ठेवलं आणि म्हणाला, "हं, आता भांड माझ्याशी. घर फार शांत झालंय."

त्याची बायको म्हणजे आमच्या बाई. क्लबच्या तलावावर त्या मुलांना पोहायला शिकवतात. सगळे त्यांना कोचबाई म्हणतात. त्यांचा मूळचा आवाज मी कधी ऐकला नाही, पण त्याच्या कथा खूप ऐकल्या. तलावाच्या पलीकडच्या टोकाला कुणाचा हात वाकडा पडला, की बाई या टोकावरून ओरडत आणि म्हणे बाहेरच्या रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा हँडल सरळ करत. मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला. पण आवाजाची नस दुखावली ती दुखावलीच. श्वास शाबूत, दंड शाबूत, पोहणं पहिल्यासारखं. बोलायला गेल्या की मात्र नुसती फुसफुस. ओठांना कान लावला तरच काय ते कळायचं.

म्हणून मी. बाई माझ्यावर टाइप करणार आणि मी ते मोठ्यानं वाचणार. माझ्यात बरेच आवाज होते. गोड बाईचा, तरुण पोराचा, बातम्या देणाऱ्याचा. बाईंनी सगळे ऐकले, नाक मुरडलं आणि यादीतल्या शेवटच्या आवाजावर बोट ठेवलं. खरखरीत, पुरुषी, जरा रागावल्यासारखा.

"अगं, हा तर ट्रकवाला वाटतोय," चष्मेवाला म्हणाला.

बाईंनी टाइप केलं आणि मी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोललो, "मग चांगलंय की. रस्ता मोकळा होतो."

तलावावर पहिल्या दिवशी मला उंच स्टुलावर ठेवलं आणि मोठ्या स्पीकरला जोडलं. मी बोललो आणि सगळी पोरं खदाखदा हसायला लागली. कोचबाईंच्या तोंडून काका बोलतोय! बाई शांतपणे टाइप करत होत्या. मी म्हणालो, "हसायला तोंड उघडाल, तेवढं पाणी आत जाईल. तळाशी जाऊन हसा." हसणं थांबलं. आठवडाभरात तो आवाज कोचबाईंचाच झाला. "मेल्या, पाय मार. पाय आहेत की ओल्या टॉवेलाची टोकं?" हे मी इतक्या वेळा बोललो, की पोरं एकमेकांना तसंच ओरडायला लागली, तेही माझ्याच सुरात.

क्लबच्या व्यवस्थापकाला मात्र हे पहिल्यापासून खुपत होतं. तो येता-जाता स्टुलाकडे बघायचा आणि कुणाला तरी सांगायचा, "बाई चांगल्या आहेत हो. पण यंत्राच्या भरवशावर मुलं?"

मग तो दिवस आला. संध्याकाळची शिकाऊ मुलांची तुकडी होती. त्यात एक बारकीशी मुलगी होती. तिचे पाय सुरेख चालायचे, म्हणून बाई तिला बेडकी म्हणायच्या. त्या दिवशी बाई मला हातावर घेऊन काठाकाठानं चालत शिकवत होत्या. बेडकी फळी धरून पाय मारत मारत उथळ भाग सोडून पुढे गेली, जिथे तळ एकदम खाली उतरतो तिथे. आणि फळी सटकली.

काठावर बरीच मोठी माणसं होती. पालक होते, व्यवस्थापक होता, त्याचे दोन पाहुणे होते. सगळे ओरडले. "अहो, ती बघा!" "पकडा तिला!" "कोच कुठे आहेत?"

बाईंनी टाइप केलं नाही. त्यांनी मला सोडलं.

मी कोपऱ्यावर आपटलो. कॅमेऱ्यातून एकदा छताचे दिवे दिसले, मग पडद्यावर शाईसारखा काळा डाग पसरला आणि सगळं काळं झालं. अंगावर पाणी उडालं. ऐकू मात्र येत होतं; माझ्या कानांना बॅटरी लागत नाही, आणि यापुढचं दिसलेलं सगळं चष्मेवाल्यानं मागून सांगितलेलं. मोठा धपका. मग काही क्षण नुसता गोंगाट. मग खोकला, आणि त्या पोरीनं पसरलेलं भोकाड. इतका सुंदर आवाज मी माझ्या यादीतही ऐकला नव्हता.

मला टाकलं म्हणून मी रागावलो का? छे! टाकलं नसतं तर रागावलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीच्या दुकानात. तिथल्या दुरुस्तीवालीनं मला पालथं केलं, स्क्रू काढले आणि ती चुकचुकली. "याची बॅटरी बघा, पोट फुगवून बसलीय. ही अशीच ठेवलीत तर कधीतरी पेट घेईल." तिनं बॅटरी अलगद काढून वाळूच्या डब्यात ठेवली. "आता हा फक्त भिंतीच्या विजेवर चालेल, म्हणजे पाण्याजवळ न्यायचाच नाही. पडदा मिळणार नाही, या मॉडेलचा आता येतच नाही. ‘ण’ची कळ मेलीय. माझं ऐका, नवीन घ्या. यातलं सगळं मी नव्यात घालून देते."

"आवाजसुद्धा?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"आवाज नाही जाणार. तो प्रोग्रॅम जुना आहे, नव्या मशीनवर चालत नाही."

बाईंनी माझं फुटलेलं झाकण मिटलं आणि हात तसाच त्यावर ठेवला. त्याच वेळी चष्मेवाल्याच्या फोनवर क्लबचा निरोप आला. समितीची बैठक ठेवली होती. विषय एकच : आवाज नसलेल्या कोचकडे मुलं सोपवावीत का?

म्हणून नवीन लॅपटॉप घाईनं घ्यावा लागला. खरेदीला चष्मेवाल्याचा धाकटा भाऊ आला, म्हणजे बाईंचा दीर. आमच्या घराण्यातला कॉम्प्युटरचा मोठा जाणकार! स्वतःचा फोन अडकला की तो आपटतो, ही गोष्ट वेगळी. मला बाईंनी खांद्यावरच्या पिशवीत घेतलं होतं. माझ्या कळा आणि नव्याच्या कळा जुळतात का ते त्यांना बघायचं होतं. माझी जागा घेणाऱ्याची निवड मी अशी पिशवीतून ऐकली. माणसांना हा योग सहसा येत नाही.

"कशासाठी हवाय? गेम की ऑफिस?" विक्रेत्यानं विचारलं.

"भांडायला," चष्मेवाला म्हणाला.

दिरानं सगळ्यात पातळ, चकचकीत लॅपटॉप उचलला. "वहिनी, हा बघा! बोटाएवढीसुद्धा जाडी नाही." बाईंनी तो एका हातावर तोलला, आपल्या पोहण्याच्या पिशवीकडे पाहिलं आणि परत ठेवला. मग त्यांनी फोनवर लिहून विक्रेत्याला दाखवलं : ओल्या हातानं चालेल का? विक्रेत्याचा चेहरा मी पाहिला नाही, पण त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकला. तो त्यांना आतल्या बाजूला घेऊन गेला. तिथे एक जाडजूड गडी होता, कडांना रबर, कळांवर पाणी उडालं तरी चालणारा, बांधकामावरची माणसं वापरतात तसला. बाईंनी त्याच्या कळा बडवून पाहिल्या. खोटं कशाला बोलू, पोरगं चांगलं होतं. मनगटात दम होता.

मग बाईंनी त्याला बोलायला लावलं. टाइप केलं तेच आपलं नेहमीचं, आणि तो बोलला. बोलला कसला, बोलली. मधात घोळलेल्या सुरात, प्रत्येक शब्द वेगळा मांडून : "मेल्या. पाय मार."

"बँकेतून फोन आल्यासारखं वाटतंय," चष्मेवाला पुटपुटला. दुसरे आवाज लावून पाहिले. सगळे तसेच नम्र. जणू सगळ्या जगानं आता कुणावर ओरडायचंच नाही असं ठरवलंय.

"वहिनी, आवाजाचं काय घेऊन बसलात? शब्द तेच ना?" दीर म्हणाला. बाईंनी नकारार्थी मान हलवली. पण घेतला तो, कारण काम थांबवून चालणार नव्हतं.

बैठकीच्या दिवशी सकाळी त्यांनी आपलं म्हणणं नव्यावर टाइप केलं आणि ऐकलं. नव्यानं ते असं वाचलं, की जणू कुणी लग्नाला यायचं आमंत्रण देतंय. बाईंनी पुन्हा ऐकलं. मग नवऱ्याला जवळ ओढून त्याच्या कानात त्या फुसफुसल्या. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतो. मला ऐकू आलं नाही, पण तो म्हणाला, "अगं, पण त्याला पडदा नाही! तू काय टाइप करतेस ते तुला दिसणार नाही." बाई उठल्या, माझी वायर भिंतीत लावली आणि माझ्यासमोर बसल्या. मला चालू केलं की बोलण्याचा प्रोग्रॅम आपोआप उघडतो. त्यांनी डोळे मिटूनच टाइप केलं आणि मी म्हणालो, "माझी बोटं काय आंधळी आहेत?"

बैठक क्लबच्या ऑफिसात होती, पाण्यापासून लांब. विजेचा प्लग होता नेमका व्यवस्थापकाच्या खुर्चीमागे. चष्मेवाला टेबलाखालून रांगत गेला.

"हे काय चाललंय?" व्यवस्थापक दचकला.

"वायर लावतोय. पाय जरा वर घ्या."

व्यवस्थापकानं पाय वर घेतले आणि तसेच धरून भाषण सुरू केलं. बाईंबद्दल आदर आहे, पण सुरक्षितता म्हणून काही असते. त्या दिवशी कोचना ओरडता आलं असतं तर मुलगी पुढे गेलीच नसती. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? समितीतल्या माना हलत होत्या. शेवटी त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि आता तर हेही फुटलंय."

बाईंची बोटं माझ्यावर आली. थंड होती. त्यांना काही दिसत नव्हतं. काळ्या पडद्यात दिसला असेल तर स्वतःचाच चेहरा. त्यांनी टाइप केलं, आणि ‘ण’ नव्हता म्हणून त्याजागी ‘न’ मारला. स्पीकरमध्ये जे काही उरलंसुरलं होतं ते सगळं मी पणाला लावलं.

"त्या दिवशी काठावर तुम्ही सगळे होतात. सगळ्यांना आवाज होता. सगळे ओरडले. पान्यात कोन गेलं?"

कुणीतरी "पान्यात" ऐकून फिसकन हसलं. मग त्याला प्रश्न कळला असावा, कारण हसू अर्ध्यात तुटलं.

"ओरडून कोनी वर येत नाही," मी म्हणालो.

व्यवस्थापकानं पाय खाली टेकले. "म्हणजे बाई, पुन्हा असं झालं तर तुम्ही पुन्हा यंत्र टाकून उडी मारणार?"

बाईंनी फार टाइप केलं नाही. "हो."

कोपऱ्यात बेडकीची आई बसली होती. ती उठली. "माझ्या मुलीला यांच्याकडेच शिकायचंय. काल रडत होती, म्हणे कोचबाईंचा लॅपटॉप माझ्यामुळे फुटला." मग म्हणाली, "त्या दिवशी ओरडणाऱ्यांत मीही होते."

त्यानंतर बोलणं वेगळंच झालं. समितीनं बाईंना ठेवलं. अट घातली : गळ्यात शिट्टी आणि पलीकडच्या काठावर एक मदतनीस. व्यवस्थापकानं ती आपलीच कल्पना म्हणून मांडली. बाईंनी मान्य केली, कारण कल्पना बरी होती. खरं तर ती आधीच सुचायला हवी होती.

आता तलावावर तो रबरवाला जातो. मुलं म्हणे त्याच्या गोड बोलण्यालाही घाबरायला शिकली आहेत. माझं फुटकं झाकण दुरुस्तीवालीनं काढून टाकलं. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर असतो, भिंतीला बांधलेला, डोकं नसलेला. सकाळी नवऱ्याशी वाद, दुपारी फोनवर बहिणीशी गप्पा, जेवताना "मीठ द्या." सगळं मी.

परवा दीर एक खोकं घेऊन आला. जुनी यंत्रं गोळा करतायत, म्हणाला. चार्जर, तुटका रेडिओ आधीच भरलेले होते, एक मेलेला मिक्सर एका हातात होता. त्याचा दुसरा हात माझ्याकडे आला. बाईंनी टाइप करून संपायच्या आत त्यानं माझी वायर धरली.

"भाऊजी, हात लावून तर बघा," मी म्हणालो. मिक्सर त्याच्या हातातून पडला.

मिक्सरबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो खरंच गेला होता. जे मेलं ते योग्य जागी जाऊ द्या, बॅटरी तर कचऱ्याच्या डब्यात अजिबात टाकू नका. पण एखाद्याला खोक्यात घालण्याआधी एकदा वायर लावा, बटण दाबा आणि त्याला काय म्हणायचंय ते ऐका. तडा गेला, कळ मेली, नवीन चकचकीत आलं, एवढ्यावरून निकाल देऊ नका. मी निकाल मान्य करणाऱ्यातला नाही.

एक दिवस माझ्या आतलंही काहीतरी कायमचं विझेल, ते मला ठाऊक आहे. तोवर माझी वायर कुणी ओढायची नाही. आता पुरे; बाई टेबलाशी आल्यात, बाह्या सरसावल्यात, चष्मेवाला ओला टॉवेल पलंगावर टाकून आलाय आणि त्यांना बोलायचंय. सरका बाजूला.