खळीची बाजू

बायकोनं फळीवर कोळशानं काढलेल्या चेहऱ्यावर बोट टेकवलं, डाव्या अंगाला.

"इथे पडायची खळी."

घड्याळजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला आणि उजव्या अंगाला बोट ठेवलं.

"इथे."

"अहो, काहीतरीच काय. आई आहे मी तिची."

"आणि मी कोण? शेजारी?"

रंगारी दोघांच्या मधे उकिडवा बसला होता. एका हातात कोळसा, दुसऱ्या हातात चिंधी. त्यानं आधी एका बोटाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि कोळसा कानावर अडकवून उठला.

"चहा सांगतो," तो म्हणाला.

खरं म्हणजे ह्या गावात त्या दोघांचं काही काम नव्हतं. पुढचा पूल दुरुस्तीला काढला होता, म्हणून बस इथेच थांबली आणि थांबली ती थांबलीच. उतारूंनी कंडक्टरचा उद्धार केला, मग जो तो आपापली सोय बघायला लागला. हे दोघं स्टँडामागच्या लॉजमध्ये उतरले. घड्याळजींनी दुकान मोडल्यापासून वर्षातून एकदा कुठेतरी जाऊन यायचं ठरलेलं होतं. जन्मभर लोकांची घड्याळं उघडून बसलेला माणूस, गावाला आला तरी हातांना काम हवंच. लॉजच्या भिंतीवरचं बंद घड्याळ त्यांनी पहिल्याच दिवशी चालू करून दिलं.

"आमच्या घरचं मात्र कायम पुढे," बायको लॉजवाल्याला म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय मोकळे करायला निघाले असताना तिला ती चित्रं दिसली. एका जिन्याखालची खोली. बाहेर शिडी, चुन्याचे डबे, ब्रशांची बादली. घरांना रंग देणारा माणूस राहतो हे आंधळ्यालाही कळावं. आत मात्र भिंतीला लागून फळ्या उभ्या होत्या. खोक्यांच्या, कपाटांच्या, कुणी टाकून दिलेल्या. आणि प्रत्येकीवर एक दार. बंद दारं, किलकिली दारं, उन्हात तापलेली दारं. एका पिवळ्या दाराबाहेर लहानशा चपला होत्या, एक सरळ, एक उलटी पडलेली.

बायको त्या चपलांपुढे खाली बसली ती उठेचना.

"विकता का हो?" तिनं विचारलं.

रंगारी संकोचला. "कामावरून उरलेला रंग असतो, काकू. टाकवत नाही. विकायचं असं काही डोक्यात नव्हतं."

"ही दारं इथलीच?"

"सगळी मीच रंगवलेली. आधी खरी, मग ही."

"माणसं नाही काढत?"

"माणसं हलतात," तो हसला. "दारं बिचारी उभी राहतात."

हे ऐकलं आणि बायकोनं घड्याळजींकडे पाहिलं. तेवढ्या एका नजरेनं ती आता काय मागणार ते त्यांना कळलं.

त्यांची मुलगी सहा वर्षांची होऊन गेली. नुकती शाळेत जायला लागली होती. आठवड्याच्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर देवानं त्यांची ओटी पुन्हा भरली नाही, आणि त्यांनीही कधी देवाशी भांडण काढलं नाही. मुलीचा फोटो म्हणून एकच, शाळेतला, वर्गातल्या सगळ्या मुलांचा. बाकीची पोरं बाहुल्यांसारखी स्तब्ध, आणि ही ऐन वेळेला हललेली. तिच्या जागी नुसता धुरकट डाग. कोण जाणे कुठे काय दिसलं होतं तिला. आता दोघांचेही केस पांढरे झाले होते, आणि त्या डागाचा डागच राहिला होता.

"सांगितलं तर काढाल?" बायकोनं रंगाऱ्याला विचारलं होतं. "मी सांगते, तुम्ही काढा."

"कधी केलं नाही, काकू. पण तुम्ही सांगा, मी पुसत जाईन."

तो खरंच पुसत गेला. नाक जमलं. पुढचा अर्धा पडलेला दात जमला. कपाळ जमलं, ते आजोबांचं होतं. फ्रॉक पिवळा, यावर दोघांचं एकमत झालं. "पिवळा आहे माझ्याकडे, पण शाळेच्या भिंतीचा," रंगारी म्हणाला, आणि बायको म्हणाली, "शाळेचा चालेल." सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग गाडी खळीपाशी येऊन अडली.

चहा आला, पिऊन झाला, तरी अडलेलीच.

"तुम्ही दुकानात असायचात दिवसभर," बायको म्हणाली.

"दुकानात असायचो म्हणून काय झालं? संध्याकाळी आलो की समोर येऊन उभी राहायची. खिशात काय आणलंय ते विचारायची. समोरून बघितलीय मी ती खळी, रोज."

"मी काय पाठीमागून बघितलीय?"

घड्याळजींना हे आवडत नव्हतं, पण गप्पही बसवेना. सुईच्या टोकाएवढा स्क्रू धुळीतून हुडकून काढलेली नजर त्यांची. ह्या एका बाबतीत ती चुकेल हे त्यांना पटतच नव्हतं. ते पुन्हा ठासून म्हणाले, "उजवीकडे." आणि बायकोचं बोट हळूच फळीवरून निघालं. बोटाचं टोक काळं झालं होतं.

"काढा मग तिकडे," ती रंगाऱ्याला म्हणाली. "यांची नजर बारीक आहे."

दिवेलागणीला लॉजच्या खोलीत ती पिशवीतले कपडे उगाच काढून पुन्हा घड्या घालत बसली. घड्याळजी खिडकीपाशी होते.

"अहो."

"हं."

"मी वर गेले आणि ती समोर आली, आणि मी ओळखलंच नाही तर?"

"ती ओळखेल की तुला."

"कशी ओळखेल? ती गेली तेव्हा मी अशी होते का?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटायचं, बाकी सगळं गेलं तरी तेवढी खळी आहे माझ्याजवळ. तीही चुकीच्या गालावर ठेवली होती मी."

भांडण घड्याळजींनी जिंकलं होतं, आणि आता ते कुठे ठेवावं हे कळत नव्हतं.

सकाळी ती अंघोळीला गेलेली बघून त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि जवळजवळ पळतच जिन्याखालची खोली गाठली.

"खळी तिकडे घ्या," ते धापा टाकत म्हणाले. "काकू सांगतात तिकडे. माझं चुकलं."

रंगाऱ्यानं मान हलवली. "पहाटेच उरकलं, काका. वाळत आलंय."

"खोडता येणार नाही?"

"येईल. पण गालावर डाग राहील."

डाग म्हटल्यावर घड्याळजी मुकाट्यानं स्टुलावर बसले. समोर ती होती. शाळेच्या भिंतीच्या रंगाचा फ्रॉक, अर्धा दात, आणि उजव्या अंगाला खळी. तीच. दुकानातून आल्यावर खिसे चाचपणारी. त्यांनी आपला हात गुडघ्यावर घट्ट दाबून धरला. इतकी जिवंत पोर समोर असताना त्यांना चोरासारखं वाटत होतं.

बायको आली. दारातच थांबली, मग जवळ जाऊन तिनं बराच वेळ पाहिलं.

"छान झालंय," ती म्हणाली. "फ्रॉक तर अगदी तोच."

दुसऱ्याच्या मुलाला म्हणावं तसं म्हणाली. घड्याळजींनी मान खाली घातली.

"थांबा, काकू, एकदा तपासून घेतो," रंगारी म्हणाला. खिळ्यावर त्याचा दाढीचा आरसा टांगलेला होता, एक कोपरा उडालेला. तो त्यानं काढून घेतला, चित्राकडे पाठ केली आणि आरसा वर धरून त्यात खांद्यावरून मागचं चित्र पाहू लागला. "आपल्या हाताचं वाकडं आपल्याला सरळच वाटतं. उलटं करून पाहिलं की दिसतं. दारांच्या चौकटीही मी अशाच बघतो. डोळा जरा मोठा झालाय का? तुम्हीच बघा."

बायको त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं आरशात पाहिलं. आरशात खळी डाव्या अंगाला आली होती.

तिचे हात वर आले, छातीच्या खाली, पोटाच्या वर, आणि तिथेच हवेत थबकले. मग बोटं हलू लागली. अंगठा आणि तर्जनी, मग मधलं बोट. एक पेड इकडे, एक तिकडे, तिसरा मधून. घड्याळजी बघत राहिले. वेणी घालत होती ती.

दिवसभर ती पोर हाताला लागायची कुठे? आता इथे, आता तिथे. सकाळी वेणी घालताना तेवढी उभी राहायची, आईकडे पाठ आणि आरशाकडे तोंड करून. केस ओढले की हसायची. आईनं पोटभर पाहिली ती तेव्हा, आरशातली.

आणि तो आरसा घड्याळजींनीच लावला होता, इतका खाली की मोठ्या माणसाला वाकावं लागे. मुलगी गेल्यावर बायको सकाळी त्याच्यासमोर जाऊन नुसती उभी राहायची. ते त्यांना बघवलं नाही. एका दुपारी त्यांनी तो उतरवला आणि भंगारवाल्याला देऊन टाकला. तिला विचारलं नव्हतं. तिचा त्रास वाचवला, असंच इतकी वर्षं धरून चालले होते.

रंगारी आरसा तसाच धरून उभा होता. हात अवघडला असेल, पण त्यानं खाली घेतला नाही.

"डोळा ठीक आहे," बायको शेवटी म्हणाली. "काही बदलू नका."

निघताना पैशांचा विषय निघाला तेव्हा रंगारी कानाला हात लावू लागला. बायकोनं त्याची मूठ उघडून नोटा आत ठेवल्या आणि मूठ मिटून दिली. चपलांचं दार तिनं मागितलं नाही. फक्त मुलीची फळी जुन्या चादरीत गुंडाळून घेतली.

रस्त्याला लागल्यावर घड्याळजी म्हणाले, "आरसा मी काढून टाकला."

"हो."

"तू कधी एक अक्षर बोलली नाहीस."

"काय बोलायचं? तुम्ही तो फडक्यात गुंडाळून दिलात त्या माणसाला. वर सांगितलंत, जपून न्या. मी स्वयंपाकघरातून बघत होते." ती थोडं चालली. "भंगार कुणी इतकं जपून देतं का? म्हटलं, यांनाही बघवत नसेल."

स्टँडाच्या अलीकडे काचेचं दुकान होतं. पुलाचं काम झालं होतं आणि बस सुटायला वेळ होता. घड्याळजी काही न सांगता आत शिरले आणि लाकडी चौकटीचा एक आरसा निवडून बाजूला काढला. काचवाला मागे कडी ठोकायला बसला.

"चित्राच्या समोरच्या भिंतीवर लावायचाय," घड्याळजी म्हणाले. "दोर लांब ठेवा, खाली यायला हवा."

"किती खाली?"

घड्याळजींनी आपल्या कमरेशी आडवा हात धरला.

"इतका खाली? वाकून वाकून कंबर जाईल, काका." काचवाला हसला. "घरात लहान मूल आहे वाटतं?"

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं.

"आहे," बायको म्हणाली, आणि चादरीतली फळी तिनं ह्या कडेवरून त्या कडेवर घेतली.