शेगडीवरचा लाल दिवा

दादा मला ठिणगी म्हणायचा, कारण मला राग यायला काही म्हणता काही लागत नाही. तो स्वतः वायरमन. गेल्या वर्षी शिडीवरून पडला, डोक्याला मार लागला, आणि तेव्हापासून उघड्या डोळ्यांनी नुसता पडून असतो. बोलत नाही. आम्हाला ओळखतो की नाही, देव जाणे. उजव्या हाताचं एक बोट अधूनमधून हलतं, असं आई म्हणते.

मी यंत्रांच्या कंट्रोलरची कामं करते. म्हणून त्या बोटाखाली बटण बसवलं, त्याची तार लिनक्सवर चालणाऱ्या एका छोट्या बोर्डात घातली, आणि बोर्डाच्या स्वतःच्या इवल्या दिव्याला लांब वायर जोडून एक लाल एलईडी स्वयंपाकघरात शेगडीच्या वर टांगला. बटण दाबलं की लागणार, सोडलं की विझणार. स्वतः दाबून पाहिलं, झकास चाललं. मग प्लग काढून बोर्ड कपाटावर ठेवला आणि पुन्हा चालू केला.

दुसऱ्याच दिवशी आईचा कामावर फोन. "अगं, त्यानं हाक मारली! दिवा लुकलुकला!" रडत होती. मीही ऑफिसच्या जिन्यात बसून रडले, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून दिवा लुकलुकला की आई हातातलं टाकून पळायची. "आले रे राजा, आले!" भाजी करपली तर करपली. गुडघे कुरकुरायचे, पण चेहरा असा उजळलेला की मला शेजारी विचारायचे, काय, पोरगा उठून बसला की काय?

दादाचे व्यायाम करून घेणाऱ्या ताई मात्र खमक्या. म्हणाल्या, "आमच्या उपचार केंद्रात एक जागा रिकामी होतेय. पेशंट आपणहून खूण करतो हे दिसलं, तरच घेतात. शनिवारी येऊन बघते. तोवर दिवा याच्याच दाबण्यानं लागतो ना, तेवढी खात्री करून ठेवा."

मी भडकले. माझ्या कामावर शंका! तणतणत बोर्ड खाली काढला. मला सोल्डरिंग शिकवताना दादा म्हणायचा, "ठिणगे, आधी तार उपटून बघ, अक्कल मागाहून पाजळ." मी बटणाची तार उपटली.

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "आले रे राजा, आले!"

दिवा लुकलुकला होता, आणि तार माझ्या हातात होती. आई पदराला हात पुसत आली, दादाच्या कपाळावरून हात फिरवला, म्हणाली, "बघ, कसा बघतोय माझ्याकडे." दादा छताकडे बघत होता. उपटलेली तार मी मुठीत लपवली.

आई गेल्यावर लॅपटॉप जोडला. दिवा ज्या फाईलवरून चालतो तिच्यात शून्य, म्हणजे 'विझ', लिहिलं, तर लुकलुकणं एकदम बंद. बोर्ड बंद करून चालू केला, तर पुन्हा सुरू. कुठलं भूत शिरलंय म्हणून खोदत बसले, तेव्हा कळलं. बोर्ड सुरू होताना तो दिवा मेमरी कार्डाच्या ताब्यात देतो. कार्डावर काही लिहिलं-वाचलं गेलं की दिवा लुकलुकतो. पण कुणी एकदा जरी शून्य लिहिलं, की कार्डाचा ताबा सुटतो. आणि बटण सोडल्यावर माझा प्रोग्रॅम शून्यच लिहितो. म्हणून मी दाबून पाहिलं तेव्हा सगळं सुरळीत होतं. मग प्लग काढून लावला, दिवा परत कार्डाच्या ताब्यात गेला आणि घोटाळा झाला.

म्हणजे दादानं एकदा, फक्त एकदा बटण दाबून सोडलं असतं, तर लुकलुकणं तिथेच थांबलं असतं. ते थांबलं नव्हतं. आई इतके दिवस धावत होती, ती त्यानं हाक न मारल्याच्या खुणेवर.

दुरुस्ती एका ओळीची होती: सुरू होतानाच एकदा शून्य लिहायचं. केली, तार जोडली. शनिवारी ताई आल्या. मी बटण दाबलं, दिवा लागला. मग दादाचं बोट ठेवलं आणि आम्ही तिघी वाट बघत बसलो. आई म्हणत राहिली, "दाब ना रे राजा. रोज दाबतोस की. असा काय करतोस?" शेवटी ताईंनी त्याचा हात पांघरुणात सरकवला आणि "फोन करते" म्हणून गेल्या. त्या फोन करणार नाहीत, हे मला कळलं.

दार लागताच आई माझ्यावर तुटून पडली. "परवापर्यंत ढीगभर वेळा बोलवत होता! तूच काहीतरी खोललंस आणि त्याचं तोंड बंद केलंस!"

"आई, तो बोलवत नव्हता गं. तो दिवा आपोआप—"

"गप्प बस! होतं तसं कर. आत्ताच्या आत्ता!"

एरवी मी शब्दाला शब्द दिला असता. या वेळी भांडायचा जीवच झाला नाही. केलेली दुरुस्ती पुसली, कपाटामागे हात घातला, प्लग काढला आणि परत लावला. बटणाची तार मात्र नीट घट्ट बसवली.

थोड्या वेळानं शेगडीवर लाल दिवा लुकलुकला आणि आई उठली. "आले रे राजा!"

आता आम्ही दोघीही त्या दिव्याकडे बघत असतो. तो लुकलुकला की आईला बरं वाटतं. मी तो थांबायची वाट बघते, कारण ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी माझ्या दादानं खरंच बटण दाबलेलं असेल. आज सकाळपासून आई चारदा धावून आली.