नाव न लिहिलेली टेप

टेपरेकॉर्डर कशाशी खातात हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, मित्रांनो. मी तसला एक आहे. म्हातारा, झाकण तुटलेला आणि स्वभावानं जरा तिखट. कारखान्यातल्या जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते दक्षिण आफ्रिकेत, लिबोडे गावाजवळच्या एका टेकडीवर, खोसा माणसांच्या घरात. तिथल्या लुंडी नावाच्या बसचालकानं मला आपल्या बायकोसाठी आणलं.

त्याची बायको नोझुको शाळेत लहान मुलांना शिकवायची आणि स्वतः टपालानं शिकायची. दूरच्या शहरातल्या विद्यापीठातून ती आफ्रिकी भाषांचा ऑनर्स करत होती, आणि त्यात तिनं घेतली होती आपलीच खोसा! तिचे शिक्षक मी कधी पाहिले नाहीत. पाकिटातून ते लाल शाईनं बोलायचे. गावाला या सगळ्याचं भारी हसू यायचं.

"काय गं मकोटी, आईनं बोलायला शिकवलं नाही का तुला? आपलीच भाषा पाकिटातून मागवतेस ती?" नळावर बायका विचारायच्या. मकोटी म्हणजे त्या घरची सून.

"आईनं बोलायला शिकवलं, आता ऐकायला शिकतेय," ती म्हणायची. जीभ होती तिला. तेव्हा होती.

ऑनर्ससाठी तिला जुन्या स्तुतिगीतांवर प्रबंध लिहायचा होता आणि पुरावा म्हणून मूळ आवाजाची टेप सोबत पाठवायची होती. पास झाली तर शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात जागा तिची वाट पाहत होती. सुदैवानं सासरा नावाजलेला भाट होता. गुरांच्या वाड्याच्या फाटकाशी बसून तो पूर्वजांची स्तुती म्हणायचा, तेव्हा आवाज दाखवणारा माझा काटा थडथड उडायचा. माझ्या पोटात असला आवाज, म्हणून मी काय ऐटीत असायचो सांगू! त्या हिवाळ्यात म्हातारा गेला. तो सगळा माझ्या एका टेपमध्ये उरला. प्रत काढायला दोन यंत्रं लागतात आणि गावात मी एकटाच होतो.

त्या टेपवर मात्र नोझुकोनं काही लिहिलं नाही. तिकडे सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. जे तोंडानं घ्यायचं नाही ते हातानं तरी कसं लिहावं, म्हणून चिठ्ठी कोरीच राहिली. गंमत बघा, याच रीतीवर तिनं विद्यापीठाला निबंध पाठवला होता आणि लाल शाईत उत्तर आलं होतं, 'फार सुंदर.'

म्हाताऱ्याची मुलगी फुमेझा दुसऱ्या गावात दिलेली. बापाच्या मातीला आली तेव्हा नोझुको तिला म्हणाली, "वन्सं, टाटांचा आवाज ऐकता का? त्यांनी तुमच्यासाठी..." टाटा म्हणजे वडील.

"मला नको तुझी ती विद्यापीठाची टेप!" फुमेझा फणकारली. "पोटच्या मुलीला एक ओळ सांगितली नाही, आणि सुनेपुढे सगळं ओतलं. ठेव तुझं तुलाच!"

पुढे वर्षही सरलं नाही तोच लुंडी छातीच्या दुखण्यानं गेला. टेप ऐकून उतरवून घ्यायचं काम नोझुकोनं नुकतंच हातात घेतलं होतं. आता ती विधवा झाली. विधवेनं आतल्या खोलीत गादीवर बसायचं, उठायचं नाही, आवाज चढवायचा नाही, काही हवं असलं तर शेजारच्या बाईच्या कानात सांगायचं. शेजारी फुमेझा होती. आणि मी तिथंच कपाटावर.

अंत्यविधीच्या सकाळी लुंडीचा काका, म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ झोलिले दारात आला. भाषणाची हौस दांडगी. "मकोटी, हे यंत्र घेतो गं. केपटाउनच्या पोरांना यायला जमलं नाही, त्यांच्यासाठी भाषणं भरून ठेवतो." त्यानं झाकण उघडून बघितलं. "वा, कोरी टेप आहे आतच."

नोझुकोनं मान हलवली. काकाला वाटलं, दुःखानं हलवतेय. तिनं फुमेझाचा हात घट्ट धरला आणि कानात म्हणाली, "वन्सं, ती कोरी नाही. टाटा आहेत तिच्यात. सांगा त्यांना. लवकर सांगा."

"नवरा अजून पेटीत आहे, आणि हिला अभ्यास सुचतोय!" फुमेझा दातओठ खात पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, "न्या हो काका. कोरीच आहे."

मला मांडवात नेलं. काकानं माझं लाल बटण दाबलं आणि खाकरून सुरुवात केली, "हॅलो, हॅलो... आदरणीय पाहुणेमंडळी..." मी चाललो. दुसरं करतो काय, हात का आहेत मला? त्याचं एकेक वाक्य आत येत होतं आणि म्हाताऱ्याची एकेक ओळ पुसली जात होती. नोझुकोला खोलीत सगळं ऐकू येत होतं. ती गादीवरून उठली नाही.

विद्यापीठाला तिनं सगळं खरं खरं कळवलं. टेप नाही तर प्रबंध नाही, असं उत्तर आलं. आणि शेवटी, 'आपल्या दुःखात सहभागी आहोत.' कॉलेजातली जागा दुसऱ्याला मिळाली.

वर्षभरानं विधवेचे काळे कपडे उतरवायचा, पुन्हा मोकळं बोलायचा दिवस आला. बोकड कापला, घरची बिअर फिरली. झोलिले काका रंगात येऊन म्हणाला, "मकोटी, लाव की दादानं म्हटलेली स्तुती! पाहुण्यांना कळू दे आपण कुणाचे ते." फुमेझा या खेपेला खुर्ची ओढून पुढे बसली. वर्षभरात बापाची आठवण तिला फार यायला लागली होती.

नोझुकोनं बटण दाबलं. "हॅलो, हॅलो... आदरणीय पाहुणेमंडळी..."

"अरे वा, स्पष्ट आलाय हं आवाज!" काका खूश झाला. मग म्हणाला, "पण दादा कुठाय?"

"दादावर तुम्ही बसलात, काका," नोझुको चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली. आता तिला परवानगी होती. "वन्संनाच विचारा. त्या म्हणाल्या होत्या, कोरी आहे."

फुमेझाचा चेहरा मी पाहिला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ती उठून माझ्याजवळ आली. टेप पुढे पळवायची, ऐकायची, पुन्हा पुढे पळवायची. सगळीकडे काका. लोक उठून जेवायला गेले तरी ती बसून होती. अगदी टोकाला, काकाचं भाषण संपल्यावर, म्हातारा खोकला.

"झालं गं मकोटी, एवढंच येतं मला," तो म्हणाला. "हे सगळं माझ्या फुमेझासाठी आहे. तिच्यासमोर म्हणायला बसलो की मला रडू येतं, म्हणून तुझ्यापाशी म्हटलं. माहेरी आली की ऐकव तिला."

फुमेझा मला पोटाशी धरून ओरडत राहिली. नोझुकोनं येऊन माझी वायर काढली आणि ती भांडी घासायला गेली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण माझं लाल बटण दाबण्याआधी आत काय आहे ते एकदा ऐकून घ्या. आणि कोपऱ्यात बसलेलं कुणी हळू आवाजात काही सांगत असेल, तर कृपा करून त्याचं आधी ऐका.