मजकुरात नसलेल्या खुणा

"सगळं लिहा लिंगराजअप्पा, एकही खूण गाळू नका," असं म्हणत दिनकररावांनी स्वतःच खुर्ची ओढली आणि ते तारबाबूच्या टेबलाशी बसले.

पूर्णा जंक्शनच्या तारघरात आजवर साहेब लोक यायचे ते उभ्या उभ्या खेकसायला. शेजारी बसणारा हा पहिलाच. लिंगराजचा जीव तिथंच विरघळला. निजामाची रेल्वे भारत सरकारकडे गेली, नवी माणसं आली आणि जुन्या लाइनीच्या यंत्राची बोली त्यांना काही केल्या उमजेना. म्हणून दिनकरराव तपासनीस वरच्या कचेरीतून आले होते. त्यांना या बोलीची पुस्तिका हवी होती.

तारेवर दोन जातींच्या खुणा धावतात. एक मजकुराच्या. त्या ऐकायच्या आणि कागदावर उतरवायच्या. दुसऱ्या यंत्रावर बसलेल्या माणसाला हुकूम देणाऱ्या: नवी ओळ धर, मागचा शब्द खोड, इथून पुन्हा दे, मजकूर संपला. या पाळायच्या, पण कागदावर उतरवायच्या नाहीत. ज्याची तार, त्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. नवे बाबू नेमके इथंच गोते खात. एकाने 'मागचा शब्द खोड' हा हुकूमच तारेत लिहून दिला आणि बाजारातला अडत्या दिवसभर विचारत फिरला की बाबांनो, मी खोडू तरी काय?

लिंगराजने पुस्तिका मन लावून लिहिली. आधी खूण, मग तिचा अर्थ, ती कधी वापरायची आणि शेवटी एक उदाहरण. नेमाच्या खुणा संपल्यावर मात्र तो घुटमळला.

"साहेब, काई खुणा आमच्या आपसातल्या हायत. कायद्यात न्हाईत त्या."

"अहो, त्याच तर हव्यात! कायद्यातल्या छापील मिळतातच की." दिनकररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी काय फौजदार आहे? नव्या लोकांना शिकवायचं आहे, एवढंच. माझा शब्द. आणि तुमचं नाव घालू ना वर."

लिंगराज हरभऱ्याच्या झाडावर चढला. त्या भरात त्याने चुडाव्याची खूण लिहिली.

चुडावा म्हणजे लगतचं स्टेशन. तिथला तारबाबू रायभान हा धनगराचा पोरगा, जुन्या राजवटीत उर्दू शिकून नोकरीला लागलेला. त्याची बायको केवळाबाई अंथरुणाला खिळली होती, अंगावरून वारं गेलेलं. दुपारची पॅसेंजर गेली की रायभान एक खूण द्यायचा: मी जाग्यावर नाही, माझं तू घेऊन ठेव. मग तो मागच्या क्वार्टरात जाऊन बायकोला भरवायचा. तार एकच असल्यामुळे चुडाव्याचं सगळं पूर्णेला ऐकू येई. लिंगराज ते उतरवून ठेवी आणि रायभान परतला की त्याला देई. निघताना रायभान हटकून आणखी एक खूण वाजवायचा, जेवलास का?

"अप्पा, तू तिकडं कान देऊन बसतूस म्हणून हिच्या पोटात दोन घास जायलेत," बाजाराला आला की तो म्हणायचा. दोघांची भेट वर्षाकाठी एखादी, पण सख्खा भाऊ असता तरी लिंगराजला इतका जवळचा वाटला नसता.

आणि याच खुणेला त्याने उदाहरण दिलं, 'चुडाव्याहून पूर्णेस, रोज दुपारी'. प्रत्येक खुणेला उदाहरण होतं, मग हिलाच कसं नको?

"ते बी लिवलं का?" नीलम्माने डबा भरता भरता नवऱ्याला विचारलं.

"साहेब लय चांगला माणूस हाय. शब्द दिलाय त्यानं."

"शब्द द्यायला काय लागतंय?"

लिंगराज तिच्यावर चिडला होता. बायकांना काय कळतंय तारेतलं, असंही म्हणाला होता.

पुढे एका दुपारी रायभानची नेहमीची खूण आली. 'घेऊन ठेवतो' म्हणून लिंगराजने डबा बाजूला सारला. थोड्याच वेळात वरच्या कचेरीने चुडाव्याला हाक मारली. लिंगराजने नेहमीसारखं चुडाव्याच्या जागी उत्तर दिलं आणि लिहायला घेतलं.

'रायभान, तारबाबू. कामाच्या वेळी यंत्र सोडल्याबद्दल तारेच्या कामावरून कमी. वाडी जंक्शनच्या मालधक्क्यावर हजर व्हावे. क्वार्टर रिकामे करावे. आधार, पूर्णेचे लिंगराज यांचे टिपण.'

दिनकरराव त्या दिवशी पूर्णेतच होते. लिंगराज कागद घेऊन प्लॅटफॉर्मवर धावला.

"साहेब, हे काय केलं तुमी? शब्द दिला व्हता!"

"दिला होता आणि पाळला. तुम्हाला कुणी बोट लावलं का?" दिनकररावांनी चष्मा पुसला. "तुमचं तर नाव वर गेलं."

"त्याची बायकू निजून हाय वो."

"मी काय करू? लिहिलंत तुम्ही. मी नुसतं वाचलं."

दिनकरराव सावकाश गाडीत चढले. केसानं गळा कापणं म्हणतात ते लिंगराजला आज कळलं. आणि कापलेला गळा त्याचा नव्हताच, रायभानचा होता. तोंड घेऊन कुठं जावं, हे त्याला सुचेना.

तारघरात यंत्र वाजतच होतं. रायभान परतला होता: आलो, दे.

शेवटचं वाक्य गाळलं असतं तर रायभानला नाव कळलं नसतं, निदान आज तरी. लिंगराजचा हात तिथं थांबला. पण दुसऱ्याच्या तारेतला शब्द त्याने कधी गाळला नव्हता. त्याने सगळं दिलं.

चुडाव्याहून सावकाश हुकूम आला, शेवटचं वाक्य पुन्हा दे.

लिंगराजने पुन्हा दिलं, स्वतःच्या नावासकट.

'मिळाले.' चुडाव्याहून नेमाची खूण आली. तिच्यामागून आपसातली एखादी येईल म्हणून लिंगराज कान देऊन बसून राहिला. शेवटी त्याने स्वतःच वाजवलं, जेवलास का?

यंत्र वाजलं नाही. नीलम्माचा डबा तसाच बाजूला पडला होता, कडी लावलेला.