देवाच्या झाडाची सुकी फांदी

मित्रांनो, माझ्या सावलीत बसण्याआधी जरा वर बघा. मी एक जुना ओक आहे, बेलग्रेडच्या कडेला उभा. माझ्या खोडावर क्रूस कोरलेला आहे. दर उन्हाळ्यात सणाला पाद्री तो नव्याने कोरतो, लोक झेंडे घेऊन मला तीन फेऱ्या घालतात, म्हणजे गारपीट टळते म्हणे. मला इथे ‘झापिस’ म्हणतात, म्हणजे देवाचं झाड. माझ्यावर कुऱ्हाड चालवायची नाही. वाळकी फांदीसुद्धा तोडायची नाही. तोडली तर घरातलं माणूस जातं, अशी भीती.

पूर्वी इथे खेडं होतं. शहराने ते गिळलं, पण माझ्याभोवतीचं रान कसंबसं उरलं. मेपल, लिंडन, रानगुलाब आणि वसंतात गुडघाभर रानलसूण. त्यातल्या एकेका रोपाचं नाव फक्त म्हाताऱ्या स्तामेनाकाकूंना ठाऊक. लाल फळांचं एक दुर्मिळ, ठेंगणं, काटेरी झुडूप तर कुणी उपटू नये म्हणून त्या पाचोळ्याखाली लपवून ठेवायच्या. बाकीच्यांना तो सगळा कचराच वाटे.

एके दिवशी वस्तीचे पुढारी मिलोये सह्या मागायला आले. रान काढून तिथे गाड्यांचा तळ आणि मुलांची बाग करायची होती.

“काकू, झापिसला कोणी बोट लावणार नाही. लिहून घेतलंय मी!”

“आणि बाकीचं रान?”

“ते कसलं रान? नुसती झुडपं. डासांचं माहेरघर!”

“मेल्या, देव ठेवतोस नि देऊळ पाडतोस होय रे?”

लोक हसले आणि त्यांनी सह्या केल्या. आपण झापिस वाचवला याचा त्यांना अभिमानच होता. मला राग येतो तो त्याचाच!

यंत्रं तीन दिवस चालली. रानलसणाच्या कंदांसकट माती ट्रकमधून गेली. काकूंनी ते काटेरी झुडूप बादलीत घालून घरी नेलं, तेवढंच वाचलं. मग माझ्या खोडापर्यंत डांबर आलं.

आता वारा अडवायला शेजारी कोणी नाही. डांबराखाली माझी मुळं गुदमरतात. माथ्यावरची मोठी फांदी सुकली आहे. पूर्वी अशी फांदी रानलसणात पडायची, कुणाला पत्ताही लागत नसे. आता तिच्याखाली झोपाळे आहेत.

“अरे, ती फांदी उतरवा रे!” काकू रोज ओरडतात.

काल मिलोयेंनी घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली. “झापिसची फांदी? काकू, जीभ आवरा. माझ्या घरात नात आहे!”

त्यांची नात, यागोदा, तेव्हा त्यातल्याच एका झोपाळ्यावर होती.

मित्रांनो, एक झाड पुजून रान वाचत नाही. ज्या झुडपाचं नाव तुम्हाला माहीत नाही, ते तोडण्याआधी कुणाला तरी विचारा. मला फेऱ्या नकोत, माझे शेजारी हवे होते.

आज दुपारपासून वारा वाढला आहे. यागोदा पुन्हा झोपाळ्यावर चढली आहे. मला फांदी आता धरवत नाही. कोणीतरी तिला हाक मारा हो!