थोरल्या मुलाचा दोर

आज आमच्या क्रेगबर्न गावच्या दारूच्या गुत्त्यात माझ्या नवऱ्याचा फोटो लावलाय. कोटावर इंग्लंडच्या चषकाचं पदक, पायाशी चेंडू. नवा माणूस आत आला की त्याला आधी तो फोटो दाखवतात. "हा आमचा वॉटी पर्डी. इथल्याच खाणीतला." आमचा म्हणे! मेल्यांनो, तुमचा होता तेव्हा दावणीला बांधल्यासारखा ठेवला होता त्याला.

त्या काळी आमच्या स्कॉटलंडात पैसे घेऊन फुटबॉल खेळणं म्हणजे पाप. तिकडे इंग्लंडात, लँकेशायरात मात्र गिरण्यांच्या गावांतले संघ उघड पगार द्यायचे, आणि त्यांचे दलाल आमची पोरं उचलायला इकडे यायचे. जो गेला त्याचं नाव काळ्या यादीत. परत आला तरी इथं चेंडूला पाय लावायची सोय नाही. म्हणून गावोगावी स्टेशनांवर पहारे बसले होते. आमच्या गावच्या पहाऱ्याचा म्होरक्या कोण, तर माझा सासरा, एबन पर्डी. स्वतःच्या पोरावर स्वतःच राखण.

वसंतात त्यांनी एक दलाल पकडला. होल्डन नावाचा, गुबगुबीत, बोलायला गोड. त्याला खाणीमागच्या डबक्यात बुचकळून काढला आणि ओलाचिंब तसाच गाडीत कोंबला. त्याची काळी हॅट सासऱ्यानं आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली. येणाराजाणारा ती बघून हसायचा. मीसुद्धा हसले होते तेव्हा, खोटं कशाला बोलू?

मग उन्हाळ्यात सासऱ्यानं अंथरूण धरलं. खाणीतली धूळ छातीत बसलेली, थुंकी पडायची ती काळी. माझा बापही असाच गेला होता. ते मी निस्तरलं, हेही निस्तरत होते. पण एके सकाळी वॉटी चूल पेटवता पेटवता खोकला आणि राखेत थुंकला, आणि मी बघितलं. काळी. पाळण्यात आमचा लहानगा झोपला होता, त्याच्याकडे बघवेना.

माझी बहीण जेस ग्लासगोत एका घरी कामाला होती. तिच्याकरवी मी होल्डनला निरोप धाडला, वॉटीला घेऊन जा म्हणून. त्याचा उलटा निरोप आला: बुधवारी दोनच्या गाडीत शेवटच्या डब्यात बसलेला असेन. खाली काही उतरणार नाही, एकदा डबक्यात पोहलोय तेवढं पुरे. वॉटी आला तर शनिवारी आमच्याकडून खेळेल. नाही आला तर त्या जागी दुसरा घेऊ, मग पुन्हा विचारणार नाही.

निरोप आला खरा, पण स्टेशनवर जॉक टेल्फर आणि त्याची माणसं. जॉक म्हणजे सासऱ्याचा खाणीतला जोडीदार, बैलासारखा माणूस. वॉटी नुसता स्टेशनच्या रस्त्याला वळला तरी हा हाक मारायचा, "काय रे, पाय वाट चुकले का?"

शनिवारी दुपारी वॉटी सामन्याला गेला होता. मी सासऱ्याच्या पलंगाशी गुडघे टेकले आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "बाबा, पहारा उठवा. पाया पडते. त्याचीही छाती धरलीय."

त्यांनी डोळे मिटले. वाटलं, आता शिव्या बसणार. पण म्हणाले, "मी सांगून जॉक ऐकायचा नाही. म्हणेल, म्हाताऱ्याला चळ लागला." धाप लागली, थांबले. "गाडी कधीची म्हणालीस?"

"बुधवार. दोनची."

"मग आटपतो मी वेळेत. माझ्यामागं अख्खं गाव चालेल. जॉकसुद्धा. स्टेशनात कुत्रं उरायचं नाही." आणि खिळ्याकडे बघून म्हणाले, "त्या गुबगुबीताची टोपी तेवढी परत द्या. चोर नाही आपण."

रविवारी पहाटे गेले; आमच्याकडे चौथ्या दिवशी दुपारी पुरतात, म्हणजे बुधवारी. बोलल्याप्रमाणे, अगदी वेळेत.

आता वॉटीला सांगायचं कसं? त्याला गोठ्यामागे नेऊन सांगितलं, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मला वाटलं, हात उचलतोय.

"बाबा असं म्हणाले? माझे बाबा? ज्यांनी होल्डनला पाण्यात घातला ते?"

"तेच."

"एफी, तू रचतेयस. मेलेल्या माणसाच्या तोंडी घालतेयस. लाज वाटू दे."

"मुलाची शपथ घेऊ?"

"घेऊ नकोस," तो म्हणाला. "मी थोरला आहे. डोक्याकडचा दोर माझा आहे. बाप खड्ड्यात उतरायच्या आधी पळणाऱ्याला कुत्रंसुद्धा हुंगणार नाही."

आमच्याकडे पेटी दोरांनी उतरवतात. आठ दोर, आठ माणसं, ज्याचं जसं नातं तसा त्याचा दोर. डोक्याकडचा थोरल्या मुलाचा. तो हात तिथं नसणं म्हणजे बापाला बेवारस पुरणं. हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण राखेतली ती काळी थुंकीही दिसत होती. बुधवारपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही.

बुधवारी एक वाजता पेटी उचलली. काळे कोट, काळ्या हॅटा, सगळं गाव. बायका कबरस्तानात जात नाहीत आमच्यात. आम्ही पडदे ओढून घरात बसायचं, चहा ठेवायचा, परत येणाऱ्यांसाठी ओट्सच्या भाकऱ्या थापायच्या. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. वॉटी पुढं खांदा देऊन. लोहाराच्या वळणावर खांदेकरी बदलतात, थकलेले मागं येतात, आणि तिथूनच स्टेशनची वाट फुटते. तो वळणापर्यंत दिसला, पुढं झाडी आडवी आली.

मी बघतच राहिले. शेजारच्या म्हातारीनं हाक मारली, "एफी, भाकरी करपतेय." करपू दे, म्हटलं मनात.

आणि मग माझी नजर खिळ्याकडे गेली. खिळ्याला हॅट होती. पण तिच्या उसवलेल्या कडेला टाका होता. अरे, ही तर वॉटीची. लग्नातली, मीच टाका घातलेली. होल्डनची नव्हती तिथं.

म्हणजे होल्डनची हॅट घालून, ती परत द्यायला तो गेला. माझं ऐकून नव्हे, माझ्याशी अक्षर न बोलता, बापाच्या शब्दाखातर गेला. मला रडू फुटलं ते आनंदाचं का भीतीचं, कुणास ठाऊक. आणि रडता रडता आठवलं, आता डोक्याकडचा दोर कुणाच्या हातात?

पोर शेजारच्या म्हातारीच्या मांडीत टाकलं आणि पिठाच्या हातांनी धावले. मागून बायका ओरडत होत्या, "अगं, कुठं? जायचं नसतं बाई!"

कबरस्तानाच्या फाटकात पोचले तर आत सगळं थांबलेलं. पेटी खड्ड्यावर आडव्या फळ्यांवर ठेवलेली. सात जण दोर हातात घेऊन उभे, आठवा गवतात पडलेला. पाद्री दुसऱ्यांदा पुकारत होते, "वॉल्टर पर्डी, थोरला मुलगा." माणसं माना वळवून मागं बघत होती. आणि तेवढ्यात खालून गाडीची शिटी आली.

जॉकच्या हातात पायाकडचा दोर होता. शिटी ऐकून त्याचा चेहरा बदलला. त्याला सगळं कळलं. पण करतो काय? पेटी मातीआड होईपर्यंत दोर टाकून कुणी हलत नाही. बापजन्मात कुणी हललं नव्हतं.

मी गेले आणि गवतातला दोर उचलला.

पाद्री म्हणाले, "बाई, ही जागा तुमची नाही."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "त्याला त्याच्या बापानं पाठवलंय. मी त्याच्या जागी उभी आहे."

"एबननं? हरामखोर म्हातारा," जॉक म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. इतरांच्या नजरेत मात्र नुसता विस्तव. पुढच्या आठवड्यात खाणीचं घर सुटणार, कुणी दारात उभं करणार नाही, हे मला तिथंच वाचता आलं. शनिवारी वॉटीनं दोन गोल मारले हे मला दहा दिवसांनी कळलं, तेही जेसकडून.

फळ्या काढल्या. वजन आलं. एवढासा वाळलेला माणूस, पण हात सोलवटून निघाले. दोर सरकत होता, मी आवळत होते. पेटी तळाला टेकली आणि दोर सैल झाला.

माणसांनी आपापले दोर आत टाकले. मी धरूनच उभी. पुढं काय करायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाईनं हे कधी बघितलेलं नसतं. मला वाटत होतं, सोडला तर म्हातारा एकटा पडेल, वॉटीही सुटेल हातातून, माझं असं काही उरणारच नाही. पाद्री खाकरले. कुणी पुढं येईना.

शेवटी जॉक आला. माझी बोटं त्यानं एकेक करून उलगडली.

"सोड, पोरी," तो म्हणाला. "आता सोडायचा असतो."