फाळक्यावर दोन थापा

"आता डावीकडं," हर्षाली म्हणाली. "हळू. जेवढी जाते तेवढीच."

भागुजीनं मान डावीकडं वळवली. म्हणजे वळवली असं त्याला वाटलं. समोरच्या भिंतीवरचं मणक्याचं चित्र थोडंसं सरकलं आणि तिथंच थांबलं.

"खांदा नाही काका, मान फिरवा."

"मानच फिरवतोय."

"खांदा येतोय पुढं. मला दिसतंय ना."

तिनं एक हात त्याच्या खांद्यावर दाबून धरला, दुसरा गालाला लावला आणि मान हलकेच वळवली. मान गेली. खिडकी दिसली, खिडकीखाली नारायणगावच्या रस्त्यावरच्या हातगाड्या दिसल्या. मग तिनं हात काढून घेतला आणि म्हणाली, आता माझ्याशिवाय. पुन्हा ते चित्र, पुन्हा तिथंच.

हर्षालीनं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. मानेचे व्यायाम करून घेणारी ही पोर त्याच्या मुलाहून, कपिलहून लहान असेल, पण बोलताना मास्तरणीसारखी बोलायची.

"हाड चांगलंय तुमचं. आखडलं होतं ते बरंच सुटलंय. मी वळवते तेव्हा जाते आणि तुम्ही वळवता तेव्हा अडते. घरी मानेचा पट्टा काढता का?"

"काढतो की. निजताना."

"दिवसाही काढायचा. पट्ट्याची सवय लागली की मान आळशी होते."

भागुजीनं मांडीवरच्या पट्ट्यावरनं हात फिरवला. पट्टा असला की लोक आपणहून पुढं येऊन उभे राहत आणि मग बोलत. वळून बघा असं कुणी म्हणत नसे. ते त्याला बरं पडत होतं.

"गाडी चालवता ना तुम्ही?"

"पिकप हाय. तरकारी वाहतो बाजारात."

"मग रिव्हर्स घेताना मागं बघायला लागत असेल."

"मला न्हाई कधी लागलं."

"असं कसं?"

"कपिलची आई व्हती ना माघं."

हर्षालीनं त्यातलं 'व्हती' ऐकलं आणि पुढं विचारलं नाही. उठून शेकाची पिशवी त्याच्या मानेवर ठेवत म्हणाली, "एक सांगते. मानेला ओढायचं नाही. जिथं बघायचंय तिथं आधी डोळे जाऊ द्या. मान आपोआप मागनं येते."

बायडाबाई पिकपबरोबर कधी जायला लागली हे भागुजीला नीट आठवत नव्हतं. कपिल शाळेत जायला लागला, घरी एकटीनं बसून काय करायचं म्हणून ती केबिनमध्ये येऊन बसली, ती बसलीच. मागं क्रेट रचले की काचेतून काही दिसायचं नाही. बाजारात गाडी धक्क्याला लावायची झाली की ती उतरून मागं जायची आणि ओरडायची, "येऊंद्या, येऊंद्या, जरा माझ्या अंगाला, येऊंद्या." पुरे झालं की गाडीच्या मागच्या फाळक्यावर दोन थापा. थाप ऐकली की भागुजीचा पाय ब्रेकवर. त्यानं कधी वळून पाहिलं नाही, आणि गाडीला कधी ओरखडा आला नाही.

हमाल चेष्टा करायचे. "वहिनी, गाडीला बोलावताय का पावण्याला जेवायला?"

"जेवायला तुमाला बोलवायला लागत न्हाई," बायडाबाई म्हणायची. "तुमी वासावर येता."

उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. आज उतरेल, उद्या उतरेल असं म्हणता म्हणता ती गेली. तिच्या मागं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडव घालायचा होता, म्हणून कुणी तरी म्हणालं, भागुजीभाऊ, गाडी तेवढी मागं घ्या. भागुजी केबिनमध्ये बसला, रिव्हर्स टाकला आणि थांबला. बराच वेळ थांबला. लोकांना वाटलं गाडीत काही बिघाड आहे. मग तो खाली उतरला, किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली आणि मांडवाचे बांबू धरायला गेला.

त्यानंतर त्यानं रिव्हर्स टाकलाच नाही. बाजारात सगळ्यांच्या आधी जाऊन अशी जागा धरायची की सरळ घुसता यावं आणि सरळ निघता यावं. शेतावर माल भरायला गेला की लांबच्या रस्त्यानं वळसा घालून यायचा. कुणाच्या लक्षात आलं नाही. एकटा माणूस आहे, सवडीनं फिरतो, असंच लोकांना वाटलं.

कळंबजवळ तेच झालं. एका शेताकडं जायचा फाटा चुकून पुढं गेला. रस्त्याच्या कडेनं गाडी थोडी मागं घेतली असती तर फाटा हाताशी होता. भागुजी तसाच पुढं गेला आणि वळायला जागा होती तिथं समोरच्या गाड्या जायची वाट बघत थांबला. मागनं भरलेला टेम्पो येऊन आदळला. मान मागं गेली आणि तशीच पुढं आली. त्या दिवशी काही वाटलं नाही. फोटो काढला, हाड शाबूत होतं, सगळे म्हणाले, थोडक्यात वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उशीवरून डोकं उचलेना.

हर्षालीकडून जीपनं तो पिंपळवंडीला, आपल्या गावी उतरला तेव्हा स्टँडवर संपत बसला होता. संपतच्या टोमॅटोचे क्रेट भागुजीच वाहायचा. दोघांची मैत्री शाळेपासूनची.

"काय भागुजीराव, पट्टा अजून हायेच का?"

"हाय."

"त्याला बाहेरनं खिळे तरी ठोकून घे. बिबट्याचं भ्या नको. शेजारच्या गावात बायामाणसं तसलेच पट्टे घालून खुरपायला जात्यात म्हनं."

"तुझ्या मानेला घाल. तुझी जाड हाय, बिबट्या तुझ्याकडं आधी यील."

संपत हसला. मग जरा आवाज खाली घेऊन म्हणाला, "आईतवारी गाडी बघायला लोक येणारेत म्हणला कपिल."

"यिऊ द्या."

"आन तुझं काय?"

भागुजीला मान हलवता येत नव्हती. तो फक्त चालायला लागला.

कपिल चाकणला कंपनीत होता. त्यानं शब्द दिला होता, तोही चिडून. नाना, तुम्ही एकदा तुमची तुम्ही गाडी गोठ्यातून मागं घेऊन दाखवा, मी विकायचं नाव काढत नाही. नाही जमलं तर मग हट्ट करू नका, परत कुणी मागनं ठोकलं तर मी कुणाला आई म्हणू आणि कुणाला बाप. भागुजीनं ते कबूल केलं होतं. गाडी गोठ्यात तोंड आत करून उभी होती. गॅरेजवरून आणणाऱ्या संपतच्या पुतण्यानं ती तशीच घुसवून ठेवली होती. काढायची तर उलटीच. डावीकडं धुण्याचा दगड, त्याला लागून शेवगा. बायडाबाई उभी राहायची ती त्या दगडाशी.

हर्षालीच्या सांगण्याप्रमाणं तो अंगणात खुर्ची टाकून बसायचा. पट्टा काढून मांडीवर ठेवायचा. डोळे डावीकडं न्यायचे, मान न्यायची. डोळे जायचे ते चुलीवरच्या पत्र्यापर्यंत, आणि परत यायचे. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी बायडाबाईची तांबडी कोंबडी पिल्लं घेऊन त्याच्या मागनं चालली होती. एक पिल्लू मागं राहिलं आणि ओरडायला लागलं. भागुजीनं पाहिलं, पिल्लू दगडाच्या फटीत अडकलं होतं. उठून त्यानं ते काढलं, खाली सोडलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण वळून दगडाकडं पाहिलं. मानेत कळ आली होती, पण ती नंतर.

रविवारी सकाळी आहुप्याहून एक जोडपं मोटारसायकलवर आलं. आदेश आणि त्याची बायको श्रेया. नव्यानं लग्न झालेलं असावं, तिच्या हातात अजून हिरव्या बांगड्या होत्या. आदेशला हिरडा आणि भात घोडेगावला न्यायला गाडी हवी होती. त्यानं बॉनेटवर हात फिरवला, टायर पाहिले. श्रेया मात्र केबिनमध्ये डोकावून बसायची जागा बघत होती.

कपिल त्यांना म्हणाला, "जरा थांबा. नाना आधी गाडी बाहेर काढणारेत. जमलं तर गाडी द्यायची न्हाई, हे आधीच सांगतो."

"मग आमाला कशाला बोलावलं एवढ्या लांबनं?" आदेश म्हणाला.

"चहा प्यायला," भागुजी म्हणाला आणि पट्टा काढून कपिलच्या हातात दिला.

कपिल मागं जाऊन उभा राहायला निघाला. भागुजीनं त्याला हाक मारली. "तू नको. बाजूला हो."

तो केबिनमध्ये चढला. गाडी सुरू केली. किती महिन्यांनी गिअरच्या दांडीला हात लावला. रिव्हर्स टाकला आणि आधी डोळे नेले. मागच्या काचेतून अंगण दिसलं, शेवगा दिसला. मग मान निघाली. खांदा येऊ पाहत होता, त्यानं तो दाबून धरला. मान गेली, दुखत गेली, आणि काचेच्या कडेला धुण्याचा दगड दिसला. दगडाशी कुणी नव्हतं. ऊन पडलं होतं आणि कोंबडी दाणे टिपत होती.

त्यानं क्लच सोडला. गाडी हळूहळू मागं आली, कोंबडी बाजूला झाली. चाक वळवलं, दगडाला वळसा घातला आणि ब्रेक दाबला. उतरून पाहिलं. फाळका आणि शेवगा यांच्यात वीतभर अंतर होतं. बायडाबाई एवढंच ठेवायची.

कपिलनंही वाकून ते अंतर पाहिलं. मग आदेशकडं वळून म्हणाला, "दादा, माफ करा. आता न्हाई देता यायची."

आदेशनं मान डोलावली आणि मोटारसायकलकडं बघितलं. श्रेयाचा चेहरा उतरला.

"तिकडं घाटात रस्ता कसा हाय?" भागुजीनं विचारलं.

"अरुंद हाय," आदेश म्हणाला. "एसटी समोरून आली की माघंच घ्यायला लागती."

"आन माघं कोण बघनार?"

आदेश नुसता हसला. श्रेया म्हणाली, "मी हाय की."

भागुजी फाळक्याला टेकून उभा राहिला. मान ठणकत होती. "दे गाडी त्यांना," तो कपिलला म्हणाला.

"नाना, अवो, जमलंय तुमाला. मी शब्द दिलाय."

"जमलं रे. मान वळती. पण रोज वळवून बघायचं काय?"

कपिल दगडाकडं बघत राहिला. मग तो आणि आदेश घरात गेले, बोलणं झालं, चहा झाला. कागदाचं नंतर बघू म्हणाले.

अंगणात वळायला जागा नव्हती, रस्त्यापर्यंत बोळातून उलटंच जावं लागे. आदेश चाकावर बसला. श्रेया दुसऱ्या दारानं वर चढायला लागली.

"पोरी, तू खाली उतर," भागुजी म्हणाला. "माघं ये. माघं म्हंजी त्याला दिसंल अशी नको, ऐकू जाईल अशी उभी राहा. चाकाच्या वाटंत पाय ठेवायचा न्हाई. बोलत राहायचं. तू गप झालीस की त्यो घाबरंल."

"काय बोलू?"

"येऊंद्या म्हन."

श्रेया लाजली. तोंडावर पदर असता तर तिनं घेतला असता. "येऊंद्या," ती हळूच म्हणाली.

"एवढ्यानं कोंबडी बी यायची न्हाई."

"येऊंद्या," ती मोठ्यानं म्हणाली. गाडी बोळात मागं सरकू लागली. भागुजी तिच्या शेजारनं उलट पावली चालत होता. गाडी रिकामी होती, मागची काच मोकळी होती. काचेतून आदेशची मान दिसत होती. नुसती मानच. नव्यानं केस कापलेली, कडेला पांढरी रेघ पडलेली, उन्हानं रापलेली. ती जराही हलत नव्हती. मागनं येणाऱ्या आवाजाकडं कान लावून बसलेल्या माणसाची मान.

बायडाबाईला इतकी वर्षं हेच दिसलं असणार. भागुजीला हे कधी सुचलं नव्हतं.

"आता बास," तो श्रेयाला म्हणाला. "दोन थापा मार. जोरात."

तिनं फाळक्यावर दोन थापा मारल्या. मागचे दिवे लाल झाले आणि गाडी थांबली. आदेशनं वळून काचेतून तिच्याकडं पाहिलं आणि हसला.

भागुजीनं हे कधी केलं नव्हतं.

श्रेया धावत जाऊन वर बसली. त्यांची मोटारसायकल कपिलनं उद्या पोचवतो म्हणून ठेवून घेतली. गाडी रस्त्याला लागली, डावीकडं वळली. भागुजी बोळाच्या तोंडाशी उभा राहून, मान वळवून गाडीकडं बघत होता. गाडी वळणावर गेली, दिसेनाशी झाली.

कपिल मागनं आला. त्याच्या हातात पट्टा होता. "चला नाना. अशी धरून ठेवली तर मान दुखंल."

"हं," भागुजी म्हणाला. पण त्यानं मान इतक्यात सरळ केली नाही.